कान नेमका कोणत्या विभागाचा?

कानाचा अभ्यास कोणी करायचा, हा प्रश्न विद्यापीठांना कधीच सोपा गेलेला नाही. पडद्यावर येऊन आदळणारी ध्वनिलहर भौतिकशास्त्राची, आतल्या केसपेशी (आवाजाची कंपनं टिपणाऱ्या, केसांसारखे तंतू असलेल्या पेशी) शरीरक्रियाशास्त्राच्या, ‘आता ऐकू आलं का?’ हे विचारणं मानसशास्त्राचं आणि शस्त्रक्रिया कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची. कान मात्र एकच. श्रवणविज्ञानातले पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे), इंजिनिअर आणि डॉक्टर यांना एकत्र घडवणारे संयुक्त अभ्यासक्रम उभे राहिले ते या अडचणीतून. बोस्टनमध्ये हे कसं घडलं, ते मुळापासून पाहण्यासारखं आहे.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले ग्येऑर्ग फॉन बेकेशी बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करत होते. टेलिफोन सुधारायचा तर ऐकणारा कान कळायला हवा, म्हणून ते मृत माणसांच्या कानांकडे वळले. कानाच्या आतली शंखासारखी कॉक्लिया उघडून, स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात, तिच्यातल्या पडद्यावरून धावणारी लहर त्यांनी पाहिली. १९४७ मध्ये ते हार्वर्डला आले आणि १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे नोबेल वैद्यकशास्त्राचं होतं, हे विशेष.

ते आले तेव्हा हार्वर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांची मनोध्वनी प्रयोगशाळा होती, म्हणजे आवाज माणसाला कसा जाणवतो हे तपासणारी. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४० ची. विमानाच्या गोंगाटात वैमानिकाला बोलणं कसं ऐकू जाईल, असे तिथले प्रश्न. त्याच युद्धात श्रवणशक्ती गमावून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी आणि उपचार, हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेमंड कार्हार्ट यांनी त्याला शिक्षणाची चौकट दिली. पण त्याचा रोख रुग्णाकडे होता. कानाच्या आत काय चालतं हे शोधणारी माणसं वेगळीच घडवावी लागणार होती.

ती घडू लागली १९५८ पासून. त्या वर्षी बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या डोळ्या-कानाच्या रुग्णालयात एमआयटी या अभियांत्रिकीच्या संस्थेच्या साथीनं ईटन-पीबॉडी प्रयोगशाळा सुरू झाली. एमआयटीतले वॉल्टर रोझेनब्लिथ यांच्या गटातून आलेले नेल्सन किआंग तिचे प्रमुख झाले. त्यांनी मांजराच्या श्रवण-मज्जातंतूतल्या एकेका धाग्याचे विद्युतसंदेश टिपले. ते काम १९६५ मध्ये ग्रंथरूपानं आलं आणि आजही त्याचा आधार घेतला जातो.

त्याच सुमारास रोझेनब्लिथ यांच्या गटासाठी वेस्ली क्लार्क आणि सहकाऱ्यांनी एक खास संगणक बनवला. तोच ‘टक्’ आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा, दर वेळचा मेंदूचा प्रतिसाद साठवायचा आणि सरासरी काढायची. गोंगाट एकमेकांत विरतो, प्रतिसाद उरतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला ऐकू येतं का हे पाहायला ‘बेरा’ तपासणी करतात, तिच्या मुळाशी हीच युक्ती आहे. रुग्णालय आणि अभियांत्रिकीची संस्था शेजारी नसत्या तर हे इतक्या लवकर जमलं असतं, असं मला वाटत नाही.

माणसं जमली तरी त्यांना पोसायला पैसा लागतो. १९७४ च्या कायद्यानं अमेरिकेत संशोधन-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांना आजचं रूप आलं. यात अनुदान संस्थेला मिळतं आणि त्यातून संस्था पीएचडीचे विद्यार्थी व पोस्टडॉक निवडते. त्या काळी श्रवणाचं संशोधन मज्जासंस्थेच्या राष्ट्रीय संस्थेच्या पदराखाली होतं. १९८८ मध्ये बहिरेपणा आणि संवाददोषांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली. मग १९९२ मध्ये किआंग यांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या संयुक्त आरोग्यविज्ञान विभागात वाणी आणि श्रवणाचा पीएचडी अभ्यासक्रम सुरू केला. गणित आणि भौतिकशास्त्रातून आलेली मुलं त्यात शरीररचना शिकू लागली, रुग्णांना प्रत्यक्ष पाहू लागली. पुढे हा अभ्यासक्रम हार्वर्डकडे गेला.

आपल्या मुलांसाठी या व्यवस्थेत एक अडसर आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. या राष्ट्रीय प्रशिक्षण-अनुदानातलं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळतं. पुण्या-मुंबईहून गेलेल्या मुलाचा खर्च गाईडच्या प्रकल्पातून किंवा विद्यापीठाच्या निधीतून निघावा लागतो. म्हणून अर्ज करताना ‘अनुदान आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही, ते कोणतं हेही विचारावं लागतं.

भारतात गाडी दुसऱ्या टोकाकडून निघाली. साठच्या दशकात म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईचं नायर रुग्णालय इथं शिक्षण सुरू झालं, १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली. गरज थेरपिस्टची होती आणि ती खरीच निकडीची होती, त्यामुळे शिक्षणाचा भर रुग्णसेवेवर राहिला. श्रवणयंत्रासाठी आवाजावर प्रक्रिया कशी करावी, याचं संशोधन पवईच्या आयआयटीत झालं आहे. नायर, वांद्रे आणि पवई, तिन्ही ठिकाणं एकाच शहरात आहेत. ऑडिओलॉजीची मुलगी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा पहिल्या वर्षापासून एका बाकावर बसतील असा संयुक्त पीएचडी अभ्यासक्रम इथं व्हावा, असं मला मनापासून वाटतं.