तेल्या ही बुरशी नव्हे

डाळिंबावर तेल्या रोग दिसला की दुकानातून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा पुडा येतो. ‘बुरशीच ती, डोस वाढवा, जाईल,’ हा सल्ला सोलापूर-नाशिकच्या बांधांवर वर्षानुवर्षं फिरतोय. पैसे जातात, तेल्या राहतो. कारण तो बुरशीचा रोग नाहीच. तो झान्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि कार्बेन्डाझिम जिवाणूला मारत नाही.

खात्री करायची तर डागाचं पान उन्हाकडे धरा: डाग पाणी मुरल्यासारखा, तेलकट दिसतो (नाव तिथूनच पडलं). फळावर पुढे त्याच डागाला इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी भेग पडते. प्रयोगशाळेत तर काम मिनिटांचं. डागाच्या कडेचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली कापाच्या कडेतून जिवाणूंचा धुरकट लोंढा बाहेर पडताना दिसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकणाऱ्या पोरांना हे शिकवतात. एकदा पाहिलं की वाद संपतो.

मग करायचं काय? तेल्या पावसाच्या उडत्या थेंबांतून, रोगट कलमांतून आणि छाटणीच्या कात्रीतून पसरतो. कात्री तर आपणच या झाडावरून त्या झाडावर नेतो! म्हणून प्रत्येक झाडानंतर ती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, रोगट फांद्या-फळं बागेबाहेर जाळा, छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारा. जास्त प्रादुर्भाव असेल तर पावसाळ्यातला मृग बहार (फुलोरा) सोडून पावसाळा संपतानाचा हस्त बहार धरा. आणि कलमं? निरोगी बागेतलीच.