धाब्याच्या घरातली लाईट फिटिंग (खानदेश)

धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, जुन्या घरात वर नवीन लाईट लावणं हे जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या वायरमनचं नेहमीचं काम, पण स्लॅबच्या घरासारखं अर्ध्या तासात उरकणारं नाही. वर कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यावर फळ्या), त्यावर मातीचा जाड थर, मग वायर लपवायला पाईप कुठून येणार, ती लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून उघडीच फिरवलेली असते आणि शेवटी लाकडी गट्टू, त्यावर सीलिंग रोज (वायरी जोडायची झाकणाची गोल डबी), खाली लोंबता होल्डर.

खरी गंमत सीलिंग रोजचं झाकण काढल्यावर. 100 च्या बल्बने वर्षानुवर्षं शेकलेलं वायरीचं रबर हात लावला की बिस्किटासारखं तुटतं, अशा वायरीला टेप गुंडाळून भागत नाही, निदान स्विचपासून दिव्यापर्यंत तरी दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची नवी ओढावीच. जुनी ॲल्युमिनियमची असेल तर तिला तांब्याची नुसती पिळून जोडू नये, सांधा ढिला होऊन तापतो.

फेज (करंट आणणारी वायर) लाल, न्यूट्रल (परतीची) काळी हे पुस्तकात. जुन्या घरात दोन्ही एकाच रंगाच्या निघतात, आणि स्विच चुकून न्यूट्रलवर घेतलेला असला तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये 230 व्होल्ट उभेच! बल्ब काढून, बटण बंद ठेवून टेस्टर लावला आणि तो पेटला तर समजायचं. बटण बंद केल्यावरही एलईडी अंधारात मिणमिणतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं (घरातले म्हणतात बल्ब खराब, दुकानदार बदलून देतो, नवाही मिणमिणतो). हे तपासून झालं की मेन बंद, किटकॅट (फ्यूज) उपटायचं आणि खिशात टाकायचं, कारण "लाईट गेली का" म्हणत खालून कोणीतरी ते परत खोचतंच. मग पुन्हा टेस्टर, तोही मेन बंद करण्याआधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का बघून ठेवलेला.

स्क्रू कडीतच घ्यावा. दोन कड्यांमधल्या फळीत ड्रिल आरपार गेलं की माती डोळ्यात आणि पावसाळ्यात तिथूनच गळती. कडीही आधी ठोकून बघावी, भदभद आवाज आला तर आत वाळवी. झुंबर, पंखा असलं वजनदार काही तिथे नाहीच.

पत्र्याच्या बॉडीच्या फिटिंगला अर्थिंग लागतं आणि पट्टीवर वायरी दोनच असतात, म्हणून तिसरी हिरवी ओढायची नसेल तर अर्थिंग न लागणारी प्लास्टिक बॉडीची फिटिंग घ्यावी. हे सगळं लायसन्सवाल्या वायरमनकडून, आणि मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) त्याच फेरीत बसवून घेतलेली बरी.