चाचा रामगुलाम आणि मॉरिशसचं स्वातंत्र्य

मॉरिशसच्या दोन हजार रुपयांच्या नोटेवर सर शिवसागर रामगुलाम यांचा चेहरा आहे आणि एक हजाराच्या नोटेवर गेतां दुव्हाल यांचा. एकाने देश स्वतंत्र केला, दुसऱ्याने त्या स्वातंत्र्याला मतपेटीतून कडाडून विरोध केला. दोघेही आज एकाच पाकिटात असतात. त्या बेटावर स्वातंत्र्य कसं आलं, हे समजून घ्यायला मला ही जोडी फार मोलाची वाटते.

१८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. हेच गिरमिटिये. सुमारे साडेचार लाख माणसं कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून तिथे उतरली. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते ती त्यांच्यामुळेच. रामगुलाम यांचे वडील मोहित बिहारमधून आले. १८ सप्टेंबर १९०० रोजी बेल रिव्ह गावात शिवसागर जन्मले. वडील लवकर गेले. पुढे लहानपणीच गोठ्यातल्या एका अपघातात त्यांचा एक डोळा गेला. गावातल्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, हिंदीची अक्षरं गिरवलेला हा मुलगा १९२१ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेला आणि १९३५ मध्ये डॉक्टर होऊन परतला.

तो परतला तेव्हा मतदानाचा हक्क मालमत्तेला बांधलेला होता. ऊस तोडणाऱ्याला मत नव्हतं. १९३७ मध्ये मळ्यांवर संप झाले, गोळीबार झाला. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे पुन्हा गोळ्या चालल्या आणि अंजली कुपन ही गरोदर मजूर स्त्री मारली गेली. रामगुलाम १९४० पासून विधान परिषदेत नियुक्त सदस्य होते आणि त्याच वर्षी त्यांनी ‘अ‍ॅडव्हान्स’ हे वृत्तपत्र सुरू केलं.

खरं वळण १९४७ च्या राज्यघटनेने आणलं. बेटावरच्या मान्य भाषांपैकी एका भाषेत साधं वाक्य लिहिता-वाचता आलं की मत! समाजसेवक वासुदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या बैठकांत, कंदिलाच्या उजेडात, थकून आलेल्या मजुरांना अक्षरओळख करून दिली. १९४८ मध्ये मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून बहात्तर हजारांवर गेली. त्या काळातल्या कितीतरी भाषणांपेक्षा ती पाटी-पेन्सिल जास्त कामाला आली. पुढे १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मत मिळालं, तोवर मजूर पक्षाची धुरा रामगुलाम यांच्याकडे आली होती. १९६१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

सप्टेंबर १९६५. लंडनमध्ये लँकेस्टर हाऊसची घटना परिषद चालू होती. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि ब्रिटनला त्यासाठी मॉरिशसपासून चागोस बेटं तोडायची होती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना भेटीआधी जी टिपणी दिली गेली, तिचा आशय असा होता की रामगुलाम यांना आशा दाखवूनच घाबरवायचं: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबद्दल शहाणपणाने वागलं नाही तर ते मिळणार नाही ही भीती. २३ सप्टेंबरला भेट झाली. तीस लाख पौंड आणि काही आश्वासनांवर चागोस गेलं. पुढच्या काही वर्षांत तिथल्या रहिवाशांना घरादारातून उठवून मॉरिशस आणि सेशेल्सच्या किनाऱ्यांवर सोडण्यात आलं. ज्यांच्या घरांवर हा सौदा झाला, त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. रामगुलाम यांच्यापुढे पर्याय किती होते, हे मी मांडून बसणार नाही. पण हा डाग त्यांच्या नावावर आहे, आणि तो झाकून त्यांचं चरित्र सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत त्यांची आघाडी जिंकली, पण सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपलं काय होणार, ही क्रिओल (आफ्रिकी गुलामांचे मिश्रवंशीय वंशज) आणि इतर समाजांची भीती दुव्हाल यांच्या पाठीशी होती. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगली पेटल्या, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. स्वातंत्र्यसोहळ्यासाठी येणाऱ्या ब्रिटिश राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. तरीही १२ मार्च १९६८ रोजी शां द मार्सच्या मैदानावर चौरंगी झेंडा चढला. हा दिवस गांधीजींच्या दांडीयात्रेच्या आरंभाची आठवण म्हणून निवडला होता.

लोक रामगुलाम यांना ‘चाचा’ म्हणत. पुढच्याच वर्षी त्यांनी दुव्हाल यांच्याच पक्षाला सरकारात घेतलं. दंगलीतून उठलेल्या देशासाठी हा निर्णय मला त्यांचा सर्वांत शहाणा वाटतो. पण १९७१ मध्ये आणीबाणी लादली आणि निवडणुका १९७६ पर्यंत ढकलल्या, हेही त्यांचंच काम. त्यांच्याच काळात माध्यमिक शिक्षण मोफत झालं. १९८२ मध्ये मतदारांनी त्यांच्या पक्षाला एकही मतदारसंघ दिला नाही. ते निमूटपणे पायउतार झाले. १५ डिसेंबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल पदावर असताना त्यांचं निधन झालं.

चागोस बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर दोन्ही देशांनी सह्या केल्या त्या २२ मे २०२५ रोजी. तेव्हा पोर्ट लुईत पंतप्रधानपदी होते नवीन रामगुलाम, त्यांचे चिरंजीव. चागोसमधल्या डिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ मात्र त्या करारानुसार आणखी ९९ वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात राहायचा आहे.