तीन महिन्यांची शुगर आणि लाल पेशींचं वय

समजा, पंचेचाळिशीच्या एका बाईंचे रिपोर्ट समोर आहेत. उपाशीपोटी साखर ९६, म्हणजे उत्तम. एचबीए१सी, म्हणजे आपण जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो ती, ६.६ टक्के. पहिल्या कागदावर मधुमेह नाही, दुसऱ्यावर आहे. घरात लगेच निकाल लागतो: लॅब भिकार आहे. तसं असूही शकतं, पण पुष्कळदा दोन्ही आकडे बरोबर मोजलेले असतात. ते मोजतात मात्र वेगवेगळ्या गोष्टी.

उपाशीपोटीची तपासणी फक्त त्या सकाळपुरतं बोलते. किमान आठ तास पोटात काही नको. १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त आली तर मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. तिची एक खोड फारशी कोणाला माहीत नसते. रक्त नळीत गेल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच-सात टक्के साखर अशीच संपते. म्हणून फ्लोराइड घातलेली राखाडी बुचाची नळी वापरतात, आणि तीही वेळेत लॅबला पोचावी लागते.

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. रक्तातली साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते, कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय. तव्यावर भाकरीला खरपूस डाग पडतात त्या रासायनिक क्रियेची ही पहिली पायरी. भाकरीला दोन मिनिटं पुरतात, शरीरात ते काम आठवडेच्या आठवडे चालतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढे दिवस तिच्यावर साखरेचा थर साठत जातो. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन तेहरानमध्ये सॅम्युअल राहबार यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस टिपलं. निदानासाठी ही तपासणी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं ते थेट २०११ साली. सीमा ६.५ टक्के. ती का, तर साधारण त्या सुमारापासून डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसण्याचं प्रमाण वाढतं.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: पेशी १२० दिवस जगतेय. तेच बिघडलं तर?

लोह कमी पडलं की नव्या पेशी मंदावतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचा भरणा वाढतो आणि साखर न वाढताही एचबीए१सी थोडा वर सरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हा अपवादातला अपवाद नव्हे. उलट, रक्तस्राव झाला, रक्त चढवलं किंवा पेशी लवकर फुटत असल्या, तर आकडा खोटा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात लाल पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते, तिथे ‘५.२, छान’ असा रिपोर्ट पाहून निश्चिंत होणं मला धोक्याचं वाटतं. गरोदरपणातही हा आकडा खाली झुकतो, म्हणून तेव्हा ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीवरच भिस्त ठेवतात.

मग लाल पेशींना वगळून बघता येतं का? येतं. फ्रुक्टोसामाइन ही तपासणी रक्तद्रवातल्या, मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली साखर मोजते. अल्ब्युमिन लवकर बदलतं, म्हणून तिची आठवण दोन-तीन आठवड्यांचीच. औषध बदलल्यावर फरक पडला का, हे लवकर कळायला बरी. पण लघवीतून प्रथिनं जात असली किंवा यकृत बिघडलेलं असलं की तीही फसवते, आणि निदानासाठी तिची सर्वमान्य सीमारेषा नाही.

राहिली जुनी, कंटाळवाणी तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास बाकावर बसून राहायचं. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, १४० ते १९९ मधलं. ते गोडमिट्ट पाणी पिऊन मळमळतं, अर्धा दिवस जातो, म्हणून लोक टाळतात. पण उपाशीपोटी साखर नॉर्मल आणि खाल्ल्यावर मात्र चढलेली, अशी माणसं हिच्याच जाळ्यात सापडतात.

त्या बाईंना तहान-लघवीसारखा काही त्रास नसेल, तर एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. जी तपासणी सीमेपलीकडे गेली ती पुन्हा करतात. त्याआधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणी, पाहिला आणि हिमोग्लोबिन ९, म्हणजे कमी, निघालं, तर ६.६ कडे बघण्याची नजरच बदलते. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहायची आणि लोहाचे उपचार सुरू करायचे. काही महिन्यांनी नव्या पेशी आल्या की एचबीए१सी खाली उतरलेला दिसू शकतो. मेथीचं पाणी सुरू केलं असेल, तर श्रेय त्यालाच जाईल.