भूवापर मापनातील नमुना पद्धती

एखाद्या प्रदेशातील किती जमीन पिकांखाली, वनाखाली, गायरानाखाली किंवा पडीक आहे, याचा अंदाज सर्व जमीन न मोजता निवडक बिंदूंवरून वा तुकड्यांवरून बांधण्याच्या पद्धती. विकसनशील देशांत भूमि-अभिलेख अपुरे किंवा जुने असतात, तेथे या पद्धतींचे महत्त्व विशेष आहे.

या पद्धतींचे आद्यत्व कोणाकडे जाते याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश सनदी अधिकारी जॉन हबक यांनी १९२० नंतरच्या दशकात बिहार व ओरिसात भाताच्या कापणीसाठी यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडलेले) नमुने घेतले. त्यांचा वृत्तांत १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्यांचा विषय एकरी उत्पादन हा होता, क्षेत्र नव्हे. क्षेत्रमापनापुरते पाहता, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बंगालमधील ताग-पाहणीपासून (सु. १९३७) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. कायमधाऱ्यामुळे (जमीनमहसूल कायमचा ठरवून देण्याच्या पद्धतीमुळे) बंगालमध्ये दरवर्षी गावोगाव पीकनोंद करणारी महसूल यंत्रणा नव्हती. ती उणीव या पाहणीने भरून काढली.

नकाशावर यादृच्छिक बिंदू टाकून प्रत्येक बिंदूपाशी एक चौरस आखला जाई व त्यातील सर्व शेते पाहिली जात. चौरस केवढा असावा, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न होय. तेवढेच क्षेत्र मोजक्याच पण मोठ्या चौरसांतून पाहिले, तर प्रवास वाचतो. परंतु शेजारच्या शेतांत बहुधा सारखेच पीक असल्याने नवी माहिती कमी मिळते. चौरस फार लहान घेतला, तर सीमेवरचे शेत आत धरावे की बाहेर, या निर्णयातील चुकीला मोठे वजन येते. महालनोबिस यांनी खर्च आणि त्रुटी यांची समीकरणे एकत्र मांडून इष्टतम आकार व संख्या ठरवली. दोन स्वतंत्र पथकांकडून दोन उपनमुने पाहून घेण्याची त्यांची योजना मोजणीदारांचे दोषही उघड करते. तिचे मोल आजही कमी झालेले नाही.

बिंदुनमुन्यात चौरसाऐवजी केवळ बिंदूवरील वापर नोंदतात. साध्या यादृच्छिक निवडीत १,००० बिंदू घेतल्यास १० टक्के क्षेत्र व्यापणाऱ्या पिकाच्या अंदाजाची सापेक्ष प्रमाण त्रुटी (अंदाजाच्या तुलनेत त्यातील संभाव्य चुकीचे माप) सु. ९.५ टक्के येते. १ टक्का व्यापणाऱ्या पिकासाठी ती सु. ३१ टक्क्यांवर जाते. दुर्मीळ वापरांसाठी म्हणूनच स्तरीकरण (प्रदेशाचे सारख्या भागांत गट पाडून प्रत्येकातून वेगळा नमुना घेणे) अटळ ठरते.

भारतात जेथे तलाठी-पटवाऱ्यांची पीकपाहणी होते, तेथे वेगळी वाट चोखाळली गेली: १९६८-६९ च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेत २० टक्के गावांची पाहणी पेरणीनंतर लगेच पुरी करून आगाऊ अंदाज बांधतात.

उपग्रहचित्रांमुळे संपूर्ण प्रदेश दिसू लागला, तरी चित्रातील ठिपके (पिक्सेल) नुसते मोजून काढलेले क्षेत्र वर्गीकरणातील चुकांमुळे एका बाजूला झुकते. जमिनीवरील नमुन्याने ते दुरुस्त करणे हाच मार्ग ग्राह्य मानावा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० च्या वनपाहणीत अक्षांश-रेखांशांच्या दर अंशाच्या छेदबिंदूवर १० × १० किमी.चे तुकडे तपासले. मिश्रपिके व फिरती शेती यांचे क्षेत्र कसे विभागावे, याबाबत मात्र देशोदेशींचे संकेत भिन्न आहेत.