पित्ताशयातला खडा एक्स-रेत का दिसत नाही?

थंडीत जळगावकडे शेतात भरीत-पुरीच्या पंगती बसतात. त्याच रात्री एखाद्याच्या उजव्या बरगडीखाली कळ उठते, खांद्यापर्यंत जाते. "पोट दुखस," एवढंच तो सांगतो. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. पण तेलकट जेवणानंतर पित्ताशय आकसतं, आणि आत खडा असला तर तो तोंडाशी अडकून अशीच कळ येते.

अशा वेळी काढलेला एक्स-रे बहुधा साफ निघतो. एक्स-रेत कॅल्शियम उमटतं आणि बहुतेक खडे असतात कोलेस्टेरॉलचे. 100 रुग्णांतल्या जेमतेम 10 ते 15 जणांचेच खडे तिथे दिसतात. सोनोग्राफीत 95च्या आसपास. पोटासाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात, आपल्या कानाच्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त. पित्त द्रव असल्याने पडद्यावर काळं दिसतं, त्यात खडा पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे सावली पडते. डॉक्टर कूस बदलायला सांगतात ते उगाच नाही. खडा घरंगळतो, भिंतीला चिकटलेला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची छोटी गाठ, जागचा हलत नाही. उपाशीपोटी बोलावतात, कारण जेवल्यावर पित्ताशय रिकामं होऊन आकसतं.

या तपासणीचा शत्रू म्हणजे हवा. ध्वनी हवेवरून परत फिरतो, म्हणून तर त्वचेवर जेल लावतात. आतड्यातल्या वायूमागे स्वादुपिंड झाकलं जातं, जठरातला अल्सरही सहसा दिसत नाही. त्याला दुर्बीणच हवी. अल्सर फुटला असेल तर मात्र आपला साधा एक्स-रेच कामाचा: उभं राहून काढला की छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाखाली निसटलेली हवा बहुतेकदा दिसते. सीटी स्कॅन यातलं बरंच दाखवतो, पण पोटाच्या एका सीटीत सुमारे 8 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे निसर्गातून तीनेक वर्षांत मिळतो तेवढा.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती सातपुड्यातल्या मुलांची. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. या आजारात 120 दिवस जगणारी तांबडी पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते, त्यातून निघणारं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य साठतं आणि कोवळ्या वयातच काळे खडे होतात. सिकलसेलच्या झटक्यातही पोट असंच दुखतं, त्यामुळे खडा लपून राहतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, काही मिनिटांत होते, कितीदाही करता येते. अशा मुलाचं पोट पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर वेदनाशामक गोळीवर घरी पाठवण्याआधी त्याचं पित्ताशय एकदा पाहिलंच पाहिजे.