नॅशव्हिलच्या लंच काउंटरमागचं नागपूर

सिट-इन, म्हणजे जिथं बसायची बंदी तिथंच जाऊन बसण्याचं आंदोलन, म्हटलं की सगळ्यांना अमेरिकेतलं ग्रीन्सबरो आठवतं. १ फेब्रुवारी १९६० ला चार काळी कॉलेजची पोरं वूलवर्थ या दुकानाच्या लंच काउंटरवर जाऊन बसली, ऑर्डर दिली, कोणी काही आणून दिलं नाही तरी दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. पण त्याच महिन्यात टेनेसीतल्या नॅशव्हिलला जे झालं त्याची तयारी आधीच वर्षभर चालू होती आणि त्या तयारीचा एक धागा थेट आपल्या नागपूरपर्यंत येतो. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आधी तो काउंटर काय होता ते बघा. डाउनटाउनच्या मोठ्या दुकानात काळ्या गिऱ्हाइकाला वह्या, साबण, शर्ट सगळं मिळायचं, गल्ल्यावर त्याचे पैसे बिनदिक्कत घेतले जायचे, आणि तिथंच चार पावलांवर स्टूलवर बसून सँडविच मागितलं की मात्र नाही.

आता नागपूर. जेम्स लॉसन या काळ्या अमेरिकन तरुणाने कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात जायला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त जेल भोगली. सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, तिथं शिकवायचे, पोरांना खेळाचं कोचिंग द्यायचे आणि सोबत गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास चालू होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरीत काळ्यांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला, ती बातमी त्यांनी वाचली ती 'नागपूर टाइम्स'मध्ये! १९५६ ला ते परत गेले, पुढच्या वर्षी मार्टिन ल्युथर किंग भेटले आणि म्हणाले थांबू नका, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेत या.

मग लॉसन नॅशव्हिलला आले आणि तिथल्या एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांसाठी त्यांचे वर्कशॉप सुरू झाले. खुर्च्या मांडून काउंटर करायचा, काहींनी बसायचं, बाकीच्यांनी गोरे गुंड व्हायचं आणि मग खरोखर शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, सिगरेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली पाडायचं. बसणाऱ्याने हात उचलायचा नाही. पडलो तर अंग आवळून डोकं कसं वाचवायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, हेसुद्धा शिकवलं जायचं. डाएन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट हे पुढे चळवळीचे नेते झालेले विद्यार्थी याच तळघरातले. अहिंसा म्हणजे गप मार खाणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे तळघर डोळ्यांसमोर आणावं, कारण समोरचा थुंकल्यावर हात मांडीवरच ठेवायला किती तालीम लागते ते तिथं कळतं.

१३ फेब्रुवारीला शंभरावर विद्यार्थी तीन दुकानांत जाऊन बसले. २७ तारखेला खरी परीक्षा झाली. गोऱ्या पोरांनी त्यांना स्टूलवरून ओढून मारलं आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्यांनाच पकडलं, ८१ जण. एक तुकडी व्हॅनमध्ये गेली की दुसरी येऊन त्याच स्टूलांवर बसायची. कोर्टाने ५० डॉलर दंड केला तर डाएन नॅश उभी राहून म्हणाली की दंड भरणं म्हणजे या अन्यायाला हातभार लावणं, आम्ही जेलमध्ये जाऊ. लॉसन ज्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते त्याने मार्चमध्ये त्यांना या आंदोलनापायी काढून टाकलं. इस्टरच्या तोंडावर काळ्या लोकांनी डाउनटाउनची खरेदीच बंद केली, आणि खरं सांगायचं तर व्यापाऱ्यांना पहिला घाम तिथं फुटला.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं, ते आणि त्यांची बायको वाचले पण समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक काही न बोलता चालत सिटी हॉलवर गेले, इतका मोठा मोर्चा आणि फक्त पायांचा आवाज. पायऱ्यांवर डाएनने मेयर बेन वेस्टना सरळ विचारलं, निव्वळ रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? ते हो म्हणाले.

१० मेला सहा दुकानांचे काउंटर खुले झाले. व्यापाऱ्यांशी आधीच ठरलं होतं त्याप्रमाणे काळ्या गिऱ्हाइकांचे छोटे छोटे गट आत गेले, स्टूलवर बसले, ऑर्डर दिली आणि ह्यावेळी समोर खाणं आलं.